इंजनाची आंघोळ

—न्हाई, न्हाई! आता किल्लीला हात न्हाई लावायचा, जावईबापू. घर्र-घर्र करून काय हुणार हाय? बॅटरी तेवढी बसंल. इंजन फिरतंय न्हवं जोरात? मग बॅटरीत काय खोट न्हाई. किल्ली लावली की मागं पंप गुणगुणतोय — म्हंजी पेट्रोलबी येतंय. मग ऱ्हायलं काय? ठिणगी. ठिणगी पडंना. का पडंना? आवं, दसऱ्याची गाडी वरनं धुवायची, हार घालायचा, नारळ फोडायचा — झाली पूजा! बॉनेट उघडून, द्राक्षबागंच्या फवारणीचा पंप लावून इंजनाला आंघोळ कुणी घातली सकाळी? सगळी गल्ली बघतीया म्हटल्यावर साताऱ्याच्या सायबांना लय चेव आला. इंजन हाय ते, म्हस न्हवं!

सरका जरा. उभी हयात मिल्ट्रीच्या गाड्या हाकल्यात ह्या केरबानं. हे बघा — प्लगच्या भोकात पाणी, चिमणी आंघोळ करंल एवढं. आन् वरनं तुमी किल्ली मारून मारून प्लग पेट्रोलनं भिजवल्यात. द्या त्यो टावेल — आवं, खांद्यावरचाच द्या, मळला तर आमची अंकिता धुईल की, तिला दुसरं काम काय ठेवलंय तुमी? ठेवा प्लग हितं उनात, आपट्याच्या पानांजवळ.

काय म्हणालात? उद्या ड्यूटी हाय? आसंल की. अंकिताचीबी हुती, दवाखान्यात, नर्सची. पांढऱ्या कपड्यात काय दिसायची पोरगी! तुमीच म्हणालात न्हवं — आमच्या घरातल्या बाया काम करत न्हाईत? मग धा माणसांचं जेवाण कोण रांधतंय, तुमचा पंप? हिकडं आली तवा नुसती झोपून हुती. जेवाय उठवली तरी भिताडाकडं तोंड. कालपासनं कुठं जरा हसाय लागली, आयसंगं भांडाय लागली. म्हणून तर सकाळी मी वसरीत गप बसलो — म्हटलं, मार बाबा पाणी, अजून मार, एक रात तरी पोरगी—

काय न्हाई. काय बोललो न्हाई मी. प्लग द्या हिकडं.

आता असं काय बघताय? व्हय, बघत हुतो! ड्रायव्हर माणूस मी, पाणी कुठं जातंय ते मला कळत न्हाई व्हय? तोंड उघडलं न्हाई, बस्स. तुमी तरी ती गपगप झाली तवा तिला एकदा तोंड उघडून विचारलंसा?

बसा आत. एकदाच मारा, पाय न दाबता... लागली! लागली बघा. काय ग्वाड चालतीया... लागायचीच हुती म्हणा.

आँ? हॉर्न कुणाला वाजवताय? हॉर्नवर एष्टीचं पाशिंजर पळत येत्यात, लेक न्हाई येत. तिच्या आयनं, बनुबाईनं, वटीचं तांदूळ सुपात काढल्यात, पर वटी अजून भरली न्हाई. तिचा हातच उचलंना. ऱ्हाऊ दे गाडी चालू. उतरा खाली. उंबऱ्यात हुबं ऱ्हावा आन् अंकिताला विचारा — 'येतीस का?' 'चल' म्हणायचं न्हाई, 'येतीस का' म्हणायचं. आन् ती काय म्हणती ते ऐकस्तवर गप हुबं ऱ्हायचं.

न्हाई म्हणाली, तर गाडी चालू हाय. तुमी निघा.