शेवटची वही वगळू नका

भगिनींनो, आणि मागे दाराशी बसलेले विनायकराव,

मी सभेत कागद धरून बोलत नाही. आज लिहून आणलं आहे. परवा मंडळाच्या बैठकीत ठरलं, की सुमतीच्या स्मरणार्थ तिची कादंबरी छापायची, पण शेवटची वही वगळून. ती वही माझ्याकडे आहे. रागात मी वाक्यं विसरते, आणि आज एकही विसरून चालणार नाही.

सुमतीला जाऊन तेरा दिवस झाले. आत्तापर्यंत चौघीजणी बोलल्या. चौघींनी तिला सोशीक म्हटलं. सोशीक बाई सहा वर्षं दिराशी अबोला धरते का हो? हे बदलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे, मग सभेत का लपवायचं? विनायकराव, मी तुमच्यासमोर बोलते आहे. राग आला तर मला सांगा, तिला नको.

सुमतीचे यजमान माधवराव तापाने फणफणले होते. थोरले भाऊ म्हणून विनायकराव म्हणाले, "साधा ताप आहे, उद्या उतरेल. डॉक्टर कशाला?" दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही, माधवराव गेले. सुमतीने चूल वेगळी केली. अंगण एक, विहीर एक, बोलणं बंद. म्हणजे सरळ बोलणं बंद. ती तुळशीकडे बघून म्हणायची, "कुणीतरी विहिरीचा दोर जागेवर ठेवावा." विनायकराव गोठ्यातून म्हशीला सांगायचे, "ठेवलाय म्हणावं." हसू नका. सहा वर्षं हे चाललं.

याच काळात ती निर्वासितांच्या कॅम्पात शिकवायला जाऊ लागली. आता उल्हासनगर म्हणतात त्याला. बराकीतल्या सिंधी बायकांना मराठी लिहायला-वाचायला शिकवायची. तिथून परतली की लिहायला बसायची. अशी सात वह्यांची कादंबरी झाली. एक विधवा आहे. कॅम्पात घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस आहे, त्याची बायको सिंधहून येताना वाटेत वारली. दोघं हळूहळू जवळ येतात. तो तिला विचारतो, "तुझ्या घरी तू कुणाशी बोलत नाहीस?" आणि ती उत्तर देत नाही. सहा वह्या ती उत्तर देत नाही.

आपल्या मंडळाची रीत तुम्हाला माहीत आहे. कुणी काही लिहिलं की वही घरोघर फिरते, आणि वाचणारीने कडेला शेरा लिहायचा. काय शेरे लिहिलेत तुम्ही! "हा घड्याळवाला खरा आहे का?" "कितव्या कॅम्पातला?" "ही वही सुनांच्या हाती देऊ नये." अध्यक्षा गोदूताई, हा शेवटचा तुमचा. सुमती मला म्हणाली, "बाई, माणूस खरा नाही. अबोला खरा आहे." हे तुमच्यापैकी एकीने तरी विचारलं होतं का?

सातव्या वहीत ती विधवा त्या माणसाशी लग्न करायचं ठरवते. त्याआधी अंगण ओलांडून दिराच्या दारात जाते आणि म्हणते, "भाऊजी, चहा ठेवलाय. या." बस्स. तो येतो. चहा पिताना ती त्याला सांगते, लग्नात माझ्या बाजूने तुम्ही बसायचं. पहिला खर्डा घरोघर फिरला तेव्हाच गोदूताईंना हे लग्न खुपलं. विधवा, त्यातून निर्वासिताशी, वर दीर पुढे होऊन लावून देणार! म्हणून वही वगळायची.

आता माझं ऐका. मी तुमच्याहून शहाणी नव्हते. मला लग्न खुपलं नाही, चहा खुपला. शाळेतल्या सवयीने मी लाल पेन्सिलीने लिहिलं, "पटत नाही. क्षमा इतकी सोपी नसते. पुन्हा लिही." तिने पुन्हा लिहिलं. मी पुन्हा परत केलं. असं चार वेळा. चौथ्या वेळी ती अंबरनाथला माझ्या घरी आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही कधी कुणाला क्षमा केलीत?"

मी म्हटलं, "त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. विचारलं."

श्रावणात तिने पाचव्यांदा वही आणून दिली. चहा तसाच होता. म्हणाली, "आता पेन्सिल लावू नका. ही आधी भाऊजींना वाचायला द्या. मला तोंडाने जमत नाही. त्यांनी वाचलं की मग छापायला."

आणि मी काय केलं? कपाटात ठेवली. सहामाहीचे पेपर होते, मग दिवाळी होती. खरं सांगायचं तर मला अजून तो प्रसंग सुधारायचा होता. बावीस वर्षं वह्या तपासणारीला आपल्या हातून वही तशीच्या तशी पुढे देता आली नाही.

कार्तिकात सुमतीला न्युमोनिया झाला. या वेळी विनायकराव कल्याणला स्वतः गेले, डॉक्टर घेऊन आले. दोनदा गेले. तोवर तिचं बोलणं बंद झालं होतं. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बाहेर ओटीवर बसून राहिले. वही त्यांच्या हाती असती तर ते आत गेले असते. हे मी जन्मभर स्वतःला सांगणार आहे, म्हणून तुमच्याकडून सांत्वन नको.

गोदूताई, छापायची तर सातही वह्या छापा. नाहीतर एकही नको. आणि आधी विनायकरावांनी वाचायची. मंडळाने मतदान घेऊ नये.

आता दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसा. उभं राहायची गरज नाही. मला मागच्या दारापर्यंत चालत जायचं आहे, तेवढी वाट द्या.

नोंद, सभेनंतर लिहिलेली: सातवी वही, निळ्या पुठ्ठ्याची, पाने चौसष्ट, लिहिलेली एकसष्ट. पाचवा खर्डा, पेन्सिल न लावलेला. सुमतीच्या सांगण्याप्रमाणे तिचे दीर विनायकराव यांच्या हाती, बदलापूर येथे, मंडळाच्या सभेसमोर दिली. तीन महिने उशिरा. पोच म्हणून सही मागितली. ते म्हणाले, "आधी वाचतो." सही घेतलेली नाही.