बरणी निवळत नाही

शुक्रवार : अंडं

दक्षा : …पांढरं तेवढंच काढलं, फेसलं, हळूच वरून सोडलं. तू सांगितलंस तस्संच. आता बघ, बरणीच्या पलीकडे माझं बोट दिसतं का?

संगिता : सावली दिसते.

दक्षा : सावली नको मला, ताई. बोट पाहिजे. सोमवारी साहेब बाटली खिडकीपाशी धरणार.

सोनीबाई : एक माझी पोर, एक माझी सून, नि मधी चिकूचा पाणी. दोन महिने झाले. एवढा नवऱ्याकडं बघितला असतास तर मुकेश वापीला कशाला गेला असता?

दक्षा : आये, तो कंपनीत कामाला गेलाय. रुसून नाही गेला.

सोनीबाई : मंग गढूळच ने. आपली ताडी काय आरसा असते?

दक्षा : ताडी घेऊन कोणी लॅबमध्ये जात नाही. वाइनरीत लॅबसाठी एकच जागा आहे. साहेब बोलले, घरी स्वतःच्या हाताने एक बरणी वाइन कर, निवळलेली आण, मग बघू. ताई, तू सहा वर्षं तिथे आहेस. अजून काय करतात ते?

संगिता : थंडीत ठेवतात.


शनिवार : फ्रिज

दक्षा : अंगणवाडीच्या मॅडमच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवली. त्यांना दुधाचं पातेलं बाहेर काढावं लागलं. तश्शीच आहे.

संगिता : दोन रात्री लागतात.

दक्षा : काल एक बोललीस.

संगिता : काल दमलेली होते. दिवसभर बाटल्या धुऊन आले की एक काय नि दोन काय.

दक्षा : गाळ खाली बसतो, मग नळीने वरचं दुसऱ्या बरणीत ओढायचं, बरोबर? बसलाच नाही तर ओढू काय?

संगिता : दम धर, वहिनी. सगळं तुला लगेच लागतं.

दक्षा : लगेच? साठ दिवस बोटांवर मोजतेय मी.

संगिता : साठच ना.


रविवार : चमचा

दक्षा : आये, तुझी पहिल्या धारेची आहे ना मोहाची? काडी लावली की पेटते ती?

सोनीबाई : सकाळी सकाळी? चहा तरी पी आधी.

दक्षा : पिणार नाही. चार चमचे या वाटीत ओत. हा आता एक चमचा माझ्या बरणीतला. हात लावू नको. थांब.

(वाटीत दोरे येतात. मग त्यांचा गोळा होतो.)

सोनीबाई : हा काय? शेंबूड?

दक्षा : मोबाईलवर एक माणूस दाखवत होता. फळातलं चिकट आहे हे. यानेच जॅम घट्ट होतो. फळ शिजवलं की सगळं रसात उतरतं, मग अंडं घाला नाहीतर बर्फात पुरा, निवळत नाही. ताई, वाइनरीत चिकू शिजवतात?

संगिता : मी बाटल्या धुते. मला काय माहीत.

दक्षा : शिजवत असतील तर सहा वर्षांत एकदा तरी वास आला असेल.

सोनीबाई : चूल मी पेटवली. संगिता बोलली, दोन कढ येऊ दे, नायतर बुरशी धरेल. लाकडा मीच सारली.

दक्षा : बोल ना, ताई.

संगिता : नाही शिजवत. कच्चेच चेचतात. रोज बघते मी, काचेतून. आत आम्हाला जाऊ देत नाहीत, आमचे पाय ओले असतात. तुला तिथे चिकू सोलायच्या कामाला कोणी नेलं? मी नेलं. तिसऱ्या दिवशी तू एका बाटलीवरचं इंग्रजी मोठ्याने वाचलंस. साहेब तुला आत लॅबमध्ये घेऊन गेला, चपलांसकट. मी ब्रश धरून उभी.

दक्षा : बारावी केली मी. तो माझा गुन्हा?

संगिता : मी चौथीत होते. मुकेश शाळेत जायला लागला, मग घरी लाकडं कोण आणणार, म्हणून मला काढलं. विचार आयेला.

सोनीबाई : मना कशाला विचारते.

दक्षा : मग तिच्याशी भांड. माझी बरणी का?

संगिता : तिच्याकडे बरणी नाही.

दक्षा : उद्या हीच बाटली नेणार मी, गढूळ. शिजवायला कोणी सांगितलं तेही सांगणार. तुझं नाव घेऊन.

संगिता : घे ना. साहेब विचारेल, कोण संगिता?