जावळ काढलेल्या डोक्यावरचं फूल

पाचोऱ्याच्या स्टँडवर नूतन भडगावच्या गाडीची वाट बघत होती. समोरच्या बाकावर तिला एक बाळ दिसलं. नुकतंच जावळ काढलेल्या त्या गुळगुळीत डोक्यावर पिवळ्या फुलाचा पट्टा होता, तिनेच शिवलेला. पहिले पट्टे भडगावच्या दुकानदाराने परत केले होते, कारण इलास्टिकने बाळांच्या कपाळावर वळ उठत होते. मग दहावीतल्या नूतनने आबांचे जुने बनियन कापून नवे शिवले. हेही परत आले तर हा उद्योग बंद, असं आईने बजावलं होतं.

बाळाची आजी सुनेला म्हणत होती,

"काढ वं ते. पोरना कपायले वळ पडी."

"आई, सकाळपासून घातलाय. एकदा तरी रडली का?"

"टकलीले फूल कशाले? केस येऊ दे ना."

"केस नाहीत म्हणूनच घातलं. जावळाच्या दिवशी हिला मुलगा म्हणत होते."

"पोऱ्या कोन म्हने?"

"तुमचीच बहीण."

"तिले दिसस कोठे? सरकाव, दखू दे माले."

सुनेने पट्टा वर सरकवला. नूतनने डोळे गच्च मिटले.

"कोठे शे वळ?"

"नाहीच आहे, आई."

"मऊ शे वं. दे, मीच घालस. मोठी नातलेबी पाह्यजे असा."

"दुकानात एवढा एकच उरला होता."

नूतनने पिशवीची चेन उघडली.

"आजी, लाल पण आहे."