देठ नसलेली कळी

नाव व पत्ता सोबतच्या पानावर लिहून दिला आहे. वय ७१, व्यवसाय घड्याळदुरुस्ती, सध्या बंद. मी आज स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी आहे. माझी पत्नी घरी बसून कापडछपाईच्या कारखान्यांसाठी नमुने रंगवत असे. ती तीन वर्षांपूर्वी वारली.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी तिने पडद्याच्या कापडासाठी वेलीचा एक नमुना कागदावर रंगवला. तो खिडकीपाशी वाळत असताना मी उचलून पाहिला. ओला रंग डाव्या अंगठ्याला लागून मोकळ्या जागेत निळा ठसा उमटला. ती म्हणाली, "घड्याळवाल्याचे हात म्हणे हे! चिमटा धरता येतो, कागद धरता येत नाही?" काम बावीस दिवसांचे होते. तिने ठशावर एक कळी रंगवली. वेल तिथपर्यंत पोचत नसल्याने कळीला देठ आला नाही. "आता तुमचा अंगठा घरोघरी लटकणार," असे म्हणून ती हसली.

कारखान्याने नमुना परत पाठवला. "यंदा त्यांच्याकडे वेली फार झाल्यात," एवढेच तिने मला सांगितले. परतीचे पत्र मला तिच्यामागे कपाटात सापडले. 'एका कळीला देठ नाही, सबब नापसंत,' असे त्यात लिहिले आहे. पत्र जोडले आहे. नमुना विकला गेला नसल्याने हक्क तिचाच राहिला व तिच्यामागे तो माझा व मुलीचा आहे, असे वकिलांनी सांगितले.

मागच्या वर्षी एक गृहस्थ, जुन्या कापडांवर पुस्तक करतो असे सांगून, तिच्या कागदांचे फोटो काढून घेऊन गेले. पुस्तक निघाल्याचे ऐकिवात नाही.

गेल्या महिन्यात सकाळी दहाच्या सुमारास समोरच्या इमारतीत नवे पडदे लागलेले दिसले. मी गॅलरीत किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. समोरच्या बाईंनी "काका, काही हवंय का?" असे विचारले. त्यांच्याकडून दुकान कळले.

दुकानात मी कापडाचे ठाण उलगडायला लावले. विक्रेता म्हणाला, "काका, ठाण आहे, गोष्ट नाही. शेवटी वेगळं काही निघायचं नाही." हातभर अंतरावर दर वेळी ती कळी होती. ठाणाला लावलेल्या चिठ्ठीवर 'शंभर वर्षांपूर्वीचा नमुना, कलाकार अज्ञात' असे छापले आहे. कापड काढणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक फोनवर म्हणाले, "जुन्या वेलीफुलांवर कुणाची मालकी नसते हो." त्या कळीला देठ का नाही, असे मी विचारले. "असेल जुन्या लोकांची काहीतरी कल्पना," असे ते म्हणाले.

मी दोन मीटर कापड घेतले. पावती जोडली आहे. कापड जोडलेले नाही. ते घरी खिडकीला लावले आहे.

मूळ कागद आज हजर केला. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर कळीच्या कडेला अंगठ्याच्या काही रेषा दिसतात, त्या साहेबांनी पाहिल्या. तज्ज्ञ वरचा रंग काढून ठसा जुळवतील, म्हणजे केस पक्की होईल, असे त्यांनी समजावले. त्यास माझी संमती नाही. "अहो आजोबा, मग केस लंगडी पडेल," असे साहेब म्हणाले. मला ते समजले आहे. कळी आहे तशी राहू द्यावी.

कापड जप्त करून नष्ट करावे, अशी माझी मागणी नाही. ते विकले जावे. चिठ्ठीवरचा 'अज्ञात' हा शब्द काढून तिथे माझ्या पत्नीचे नाव छापावे, एवढेच मागतो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. खाली सही केली आहे. सही येत असल्याने अंगठ्याची गरज नाही, असे हवालदारांनी सांगितले. माझ्या विनंतीवरून सहीशेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला आहे.