मॅचच्या दिवशीची गोळी

(फेन्सिंगच्या हॉलशेजारची कोचची खोली. दुपार.)

सावनी : मग अंगदुखीच्या गोळ्या सॉक्समध्ये गुंडाळून का ठेवतेस?

संस्कृती : होस्टेलमध्ये वस्तू जातात, मॅडम.

सावनी : अंगदुखीच्या गोळ्या कोण नेणार? आपल्या औषधांच्या पेटीत पडल्यात की त्या. कुणीही मागितली तरी मी देते.

संस्कृती : तरी पण जातात.

सावनी : संस्कृती, सातवीत आलीस तेव्हापासून तलवार मी हातात दिलीय तुझ्या. कोच आहे मी तुझी. हे पाकीट घेऊन मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन आले. त्यानं नाव वाचलं आणि उलट मलाच विचारलं, तुमच्याकडे ही कुठून आली? डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही म्हणाला. आता परत सांग. कसल्या गोळ्या आहेत?

संस्कृती : तुम्हाला पाकीट दीपमालानं दिलं ना?

सावनी : ते सोड.

संस्कृती : तिनंच दिलं. माझ्याच खोलीत राहते अन् माझीच बॅग उचकते. नॅशनलच्या टीममध्ये एकच जागा राहिलीय, अन् प्रॅक्टिसमधला खेळ बघून तुम्ही तिथं माझं नाव दिलंय. तिला पाहिजे ती.

सावनी : मी गोळीचं विचारतेय आणि तू दीपमालाचं सांगतेयस.

संस्कृती : पप्पांना विचारा मग.

सावनी : विचारणारच आहे. सकाळीच फोन केलाय. आले बघ ते. या भाऊ, बसा.

बद्रीनाथ : नमस्कार मॅडम. फोनवर काय बोलल्या नाय तुम्ही, निसतं या म्हणल्या. बिडकीनहून गाडी कशी हाणली माझं मला ठाऊक. पोरीला लागलं का कुठं?

सावनी : नाही, लागलं नाही. हे पाकीट ओळखता?

बद्रीनाथ : हे व्हय? ताकदीच्या गोळ्या हायेत. व्हिटॅमिनच्या.

सावनी : तुमची मुलगी म्हणते अंगदुखीच्या.

बद्रीनाथ : ताकद कमी पडली की अंग दुखतंच की.

सावनी : भाऊ, मी स्पष्ट बोलते. ही उत्तेजक गोळी आहे. स्पर्धेत चालत नाही. तिथे लघवीची तपासणी झाली आणि ही सापडली, तर हिच्यावर बंदी येऊ शकते. एखाद्या मॅचची नव्हे, काही वर्षांची. उमेदीची सगळी वर्षं जातील. पोरगी जिंकावी म्हणून हे कुणी शिकवलं तुम्हाला?

बद्रीनाथ : जरा सांभाळून बोला मॅडम. मी माझ्या पोरीला नशा चारतो म्हणता व्हय?

सावनी : मग काय चारता ते सांगा.

बद्रीनाथ : आधी तुम्ही मला सांगा, हिला कामून काढायचंय तुम्हाला? कुणाचा फोन आलाय? आमच्यासारख्याची पोरगी पुढं गेली की खुपतंच कुणाच्या तरी डोळ्यात. दुसरी कुणी बसवायची असंल तर तसं सरळ बोला. खामखा इज्जत कामून घेता?

सावनी : काढायचं असतं तर तुम्हाला बोलावलंच नसतं. वर कळवलं असतं आणि मोकळी झाले असते.

संस्कृती : पप्पा, सांगून टाका ना.

बद्रीनाथ : तू गप ऱ्हा.

संस्कृती : मग मी सांगते. मॅडम, मला एडीएचडी आहे.

बद्रीनाथ : संस्कृती.

संस्कृती : लहानपणापासूनच आहे. आठवीत शाळेवाल्यांनी डॉक्टरकडं पाठवलं. वर्ग चालू असताना मी उठून बाहेर जायची. अर्धा पेपर लिहून द्यायची, बाकीचा दिसायचाच नाही. हर्सूलच्या तलावावर सहल गेली तर सगळे बसमध्ये बसले अन् मी तिथंच. हाका मारत होते म्हणे, मला ऐकूच आलं नाही. भानुमती डॉक्टरांनी दोन-तीनदा बोलावलं, शाळेला विचारलं, मग ही गोळी चालू केली. खाल्ली की डोक्यातला गलका कमी होतो. बाकी काही होत नाही. हातात जास्त जोर येत नाही की पाय जास्त पळत नाहीत.

बद्रीनाथ : झालं समाधान, मॅडम? उद्या गावभर होईल. बद्रीनाथची पोरगी डोक्याच्या गोळ्या खाते. उद्या तिच्या लग्नाचं बघायला गेलो की हेच ऐकायचं.

सावनी : आणि हे तरी मी खरं कशावरून मानू? आत्ताच दोघांनी दोन वेगळ्या थापा मारल्या मला.

संस्कृती : नका मानू. पण मॅचच्या दिवशी मी गोळी खातच नाही.

सावनी : याला साक्षीदार कोण?

संस्कृती : तुम्हीच. नाशिकची स्पर्धा आठवा.

सावनी : नाशिकला तू पहिल्याच फेरीत हरलीस. प्रॅक्टिसमध्ये जिला रोज हरवतेस तिच्याकडून.

संस्कृती : रेफरी माझं नाव घेत होते अन् मी वरच्या पंख्याकडं बघत होते. त्याचं एक पातं वाकडं होतं. ते कधी पडेल हेच डोक्यात.

सावनी : मला वाटलं माज चढलाय तुला.

संस्कृती : तसं बोलल्या पण. सगळ्यांसमोर.

सावनी : हो. बोलले. सोलापूरलाही असंच झालं?

संस्कृती : सोलापूर, लातूर, सगळीकडं.

सावनी : मॅचच्या दिवशी खाऊ नकोस असं कुणी सांगितलं? डॉक्टरांनी?

बद्रीनाथ : मी सांगितलं.

सावनी : म्हणजे ही गोळी स्पर्धेत चालत नाही हे तुम्हाला माहीत होतं.

बद्रीनाथ : कंपनीत मोतीराम म्हणून एक पोरगा हाय माझ्या शिफ्टला. कुस्ती खेळायचा. तो म्हणला मशीनमधी घावतं. म्हून हिला म्हणलं, त्या दिवशी सकाळी नको खाऊ. खाल्लीच नाय तर घावंल कशी?

सावनी : आदल्या दिवशीचं अंगात राहिलेलं असू शकतं, भाऊ. नशीब म्हणून हिला कुणी तपासणीला बोलावलं नाही. डॉक्टरांना माहीत आहे का हे?

बद्रीनाथ : नाय.

सावनी : ती फेन्सिंग खेळते, एवढं तरी?

बद्रीनाथ : नाय.

सावनी : का नाही?

बद्रीनाथ : पहिल्याच दिवशी त्यांनी बीपी बघितलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास हाय का विचारलं. मला भ्याव वाटलं. खेळते म्हणलं तर म्हणतील खेळ बंद करा. अन् तुम्हाला गोळीचं सांगितलं तर तुम्ही बंद करताल. दोन्हीकडून पोरगीच बंद. म्हून इकडचं तिकडं कळूच दिलं नाय.

सावनी : एप्रिलच्या उन्हात मी हिला मैदानावर पळवलंय. या गोळीनं छातीचे ठोके वाढू शकतात, भूक मरते. दुपारचं ताट तसंच ठेवून उठते म्हणून मी हिला ओरडायचे. हे मला कुणी सांगायला नको होतं? काही झालं असतं तर?

बद्रीनाथ : झालं नाय ना काय.

सावनी : हिला नाही झालं. संस्कृती, दीपमालाला गोळी दिलीस?

संस्कृती : तेही सांगितलं का तिनं?

सावनी : दिलीस का?

संस्कृती : तीच मागे लागली होती. बारावीची सराव परीक्षा होती. म्हणाली, तू ही खाऊन एवढं वाचत बसतेस, मला पण दे. एकदाच दिली.

सावनी : त्या संध्याकाळी ती हॉलच्या पायरीवर बसली होती, आठवतं? मी समजले ऊन लागलं. लिंबूपाणी पाजलं आणि घरी गेले.

संस्कृती : ती म्हणाली, डोकं दुखतंय.

सावनी : छाती धडधडत होती तिची. हात थरथरत होते. रात्रभर झोपली नाही. तुझं नाव येईल म्हणून कुणाला बोलली नाही. मग तुझीच भीती वाटायला लागली तिला, की एका गोळीनं आपलं हे झालं आणि ही तर रोज खाते. काल रडत पाकीट आणून दिलं. टीममधली जागा मागायला नव्हती आली.

बद्रीनाथ : दिली तू? लोकाच्या पोरीला?

संस्कृती : मला काही होत नाही, तर तिला काय होणार असं वाटलं.

सावनी : तुला तपासून तुझ्यासाठी दिलेली गोळी आहे ती. दीपमालाचे वडील हृदयाच्या दुखण्यानं गेले. माहीत होतं?

संस्कृती : वडील नाहीत एवढंच माहीत होतं.

सावनी : भाऊ, डॉक्टरांना फोन लावा. स्पीकरवर.

बद्रीनाथ : आत्ता? आमच्यावर इस्वास नाय व्हय?

सावनी : नाही. आत्ता तरी नाही.

बद्रीनाथ : लावतो… हॅलो, भानुमती डॉक्टर का? मी बद्रीनाथ, बिडकीनवाला. संस्कृतीचा बाप. तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, मीच लपवलं होतं.

सावनी : सगळं सांगा. खेळाचं, मॅचच्या दिवसाचं, दीपमालाचं.

बद्रीनाथ : सांगतो, सांगतो… (सगळं सांगतो. डॉक्टर काय म्हणतात ते तिघंही ऐकतात.)

सावनी : ठेवला त्यांनी फोन?

बद्रीनाथ : ठेवला. ऐकलंच की तुम्ही. रागावल्या बी नाय.

सावनी : दर वेळी विचारत होते म्हणाल्या, अजून काही सांगायचंय का म्हणून.

बद्रीनाथ : विचारायच्या. मी नाय म्हणून उठायचो.

सावनी : उद्या सकाळी हिला घेऊन जा. बीपी, वजन बघतील, ईसीजी काढतील. आपल्या मनानं बंद करायची नाही, मनानं चालू करायची नाही, कुणाला द्यायची नाही. आणि स्पर्धेसाठी रीतसर परवानगी मागता येते. आजाराचं औषध आहे हे डॉक्टर लिहून देतील, अर्ज मी करते.

संस्कृती : म्हणजे गोळी खाऊन मॅच खेळता येते?

सावनी : आधी सांगून, त्यांनी हो म्हटलं तर. लपवून नाही.

संस्कृती : अन् ही नॅशनल?

सावनी : परवानगी यायला वेळ लागतो. नॅशनल तोंडावर आलीय. तुझं नाव मी काढून घेतेय.

संस्कृती : मग दीपमाला जाईल.

सावनी : तिला डॉक्टरांनी तपासून ठीक म्हटलं तर जाईल.

बद्रीनाथ : मॅडम, एवढ्या एका बारीला… स्पर्धा होईस्तोवर बंदच ठेवतो की गोळी. कोणाला कळतंय?

सावनी : भाऊ.

बद्रीनाथ : नाय, ऱ्हाऊ द्या. बोलून गेलो.

सावनी : मी दीपमालाच्या आईला फोन करून येते. तिलाही तपासायला हवं, त्यामुळे काय खाल्लं ते तिच्या आईला सांगावंच लागेल. त्यापलीकडे हिचं औषध माझ्यापुरतं राहील. गोळ्या माझ्या कपाटात, कुलपात. रोज सकाळी नाश्ता करून इथे यायचं आणि माझ्यासमोर घ्यायची. विश्वास ठेवणार असाल तर ठेवा.

बद्रीनाथ : ठेवतो. आता दुसरं काय करू?

सावनी : बसा इथेच. आलेच मी.

बद्रीनाथ : … संस्कृती.

संस्कृती : हं.

बद्रीनाथ : मॅचच्या दिवशी गोळी नसली की लई अवघड जायचं का तुला?

संस्कृती : व्हय.

बद्रीनाथ : मग मला कामून नाय सांगितलं?

संस्कृती : तुम्ही रजा टाकून यायचे, पप्पा. सगळ्यात पुढं बसायचे.