आधी चपला काढा

हसू नका, पण मला आत्ताची नोकरी चपलांमुळे मिळाली. डिझायनरच्या जागेसाठी अर्ज करायला मी वेबसाइट बनवली, ती हुबेहूब आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरसारखी. पाहुण्याने दाराशी चपलांवर क्लिक करायचं, म्हणजे त्या काढल्या जाणार, मग दार उघडणार, आत माझी कामं. बेल नुसती शोभेला. लिंक सगळीकडे पाठवली आणि महिनाभर कुणाचाच फोन नाही. मी पार खचले होते.

मग गुडगावच्या एका कंपनीतून मॅडमचा फोन आला. "आपका दरवाज़ा खुल ही नहीं रहा. कब से घंटी बजा रही हूँ."

मी चाचरत म्हटलं, "मॅम, वो... पहले चप्पल उतारनी पड़ती है."

पलीकडून माउसची एक क्लिक ऐकू आली. मग म्हणाल्या, "अच्छा, उतार दी." आणि चांगल्या रमल्या की आत. शेवटी म्हणाल्या, "सोमवार को मिलने आओ. और बाहर एक बोर्ड लगा दो, यार."

सोमवारी नोकरी पक्की झाली, जीव भांड्यात पडला. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तर ती म्हणते, "म्हणजे महिनाभर आलेल्या माणसांना तू दारातच उभं ठेवलंस?"