पहिला पसंतीक्रम

इंजिनीअरिंगचा फॉर्म कसा भरायचा हे मला विचारू नकोस रे. आमच्या मृण्मयीच्या वेळी शहाणपणा मीच केला होता.

तिला ते मोठं सरकारी कॉलेज पहिलं टाकायचं होतं. मी म्हटलं, "जमिनीवर ये गं. जे नक्की मिळेल ते वर टाक." आमच्या नाहूरच्या घरापासून बसने वीस मिनिटांवरचं कॉलेज मी स्वतःच्या हाताने एक नंबरला टाकलं.

"बाबा, नक्की ना?" तिने विचारलं.

मी सबमिट दाबलं.

पहिल्याच फेरीत तेच लागलं. मी पेढे आणले. मग कळलं, पहिला पर्याय मिळाला की घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्या बंद. आणि त्या सरकारी कॉलेजची यादी तिच्यापेक्षा कमी मार्कांवर येऊन थांबली होती. म्हणजे तिला ते मिळत होतं.

तरी तिने मी दिलेला पेढासुद्धा खाल्ला.

परवा शेजारच्या साळवींची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "काका, पहिलं कुठलं टाकू?" मी लगेच चष्मा शोधायला लागलो.

आतून मृण्मयी म्हणाली, "बाबा, तिचा फॉर्म तिला भरू द्या."